आधण, ताक आणि राखेचं पाणी

जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातल्या आष्टीत ज्वारीच्या भाकरीची तयारी पाण्याला उकळी आणण्यापासून होते. काठवटीतल्या पिठात मधोमध खळगा करायचा, त्यात आधण ओतायचं, उलथन्याच्या टोकानं कालवायचं आणि हाताला सोसेल इतकं निवलं की तळव्याच्या बुडानं रगडायला घ्यायचं. पीठ आजच दळून आणलेलं असेल तर काही जणी गार पाण्यावरही भागवतात. ते जुनं झालं, त्याची विरी गेली, की आधणाला पर्याय नाही. नाहीतर थापताना कडा चिरतात आणि तव्यावर टाकण्याआधीच भाकरी हातात मोडते.

गव्हाच्या कणकेला हे लाड लागत नाहीत. गव्हातली प्रथिनं पाण्यात भिजली की त्यांचं लवचीक जाळं तयार होतं, तेच ग्लुटेन. म्हणून पोळी लाटता येते, पाव फुगतो. ज्वारीतलं मुख्य प्रथिन काफिरिन. ते पाण्याला दाद देत नाही, त्याचं जाळं विणलं जात नाही. तेव्हा पीठ धरून ठेवण्याचं काम स्टार्चवर येतं. उकळतं पाणी पडलं की तापमान 70 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि उरलेल्या पिठाला सांधून घेतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात, त्यालाही कारण आहे. तो पृष्ठभाग लगेच वाळून तडकत नाही, त्याचा एकसंध पापुद्रा होतो, आणि आरावर शेकताना आत कोंडलेली वाफ तो पापुद्रा वर उचलते. हे सगळं शास्त्र थापणारीच्या बोटांत आहे. एवढं कसब अंगात असलेल्या बाईला ‘मला काही येत नाही, नुसत्या भाकरी येतात’ असं म्हणावं लागतं, हे मला फार खटकतं.

ज्वारीचं पीठ सांधण्याचा हा पेच मराठवाड्यापुरता नाही. जगात जिथे जिथे ज्वारी खातात तिथे तो आहे, आणि गंमत अशी की बहुतेकांनी त्याचं उत्तर पाण्यातच शोधलं. फक्त पाणी निराळं.

ज्वारीचं माहेर आफ्रिका. पूर्व सुदानात कसालाजवळ पाच हजार वर्षांहून जुनी खापरं सापडली आहेत. ती भांडी घडवणाऱ्यांनी चिखलात ज्वारीचं भुसकट मिसळलं होतं, आणि त्या भुसकटाचे ठसे खापरांत राहिले. माणसानं ज्वारी लागवडीखाली आणल्याचा सर्वांत जुना पुरावा सध्या तोच मानला जातो. त्याच सुदानात आज ज्वारीची ‘किसरा’ करतात. आदल्या खेपेचं विरजण घालून पीठ रात्रभर आंबवायचं, आणि ते पातळ पीठ तापल्या तव्यावर पानाच्या पट्टीनं झरझर पसरायचं. कागदासारखी पातळ, आंबूस किसरा निघते. बरोबर कालवण, आणि त्यात बऱ्याचदा वाळवलेल्या भेंडीची पूड.

आंबवण्यानं चवीपलीकडेही काम होतं. ज्वारी पाण्यात शिजवली की तिची प्रथिनं एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि पचायला जड होतात. आंबवलेल्या पिठात हा अडसर बराच कमी होतो. सुदानी आया तान्ह्या मुलांना आंबवलेल्या ज्वारीची ‘नाशा’ नावाची पेज देतात, ती उगाच नव्हे. दक्षिणेकडे बोट्सवानात अशाच आंबट पेजेला ‘टिंग’ म्हणतात. आपल्याकडे लातूर-धाराशिव भागात वेळा अमावास्येला शेतात मडक्यातून जी ताकातली आंबील वाढतात, ती याच कुळातली. उन्हाळ्यात ज्वारीच्या कण्या ताकाबरोबर खाणारी आपली माणसंही नकळत तीच वाट चालत होती.

पश्चिम आफ्रिकेत ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा करतात. त्याला ‘तो’ म्हणतात. मालीत त्यासाठी राखेचं क्षारयुक्त पाणी वापरतात. शेजारच्या बुर्किना फासोत चिंचेचा कोळ घालतात. सीमेच्या अलीकडे क्षार, पलीकडे आम्ल, आणि धान्य तेच! मालीत जी जात चांगली ठरते ती बुर्किनात पसंत पडेलच असं नाही. चीनमध्ये तर ज्वारी प्यालीच जास्त जाते. तिथल्या माओताई या प्रसिद्ध दारूसाठी लाल ज्वारी 9 वेळा वाफवतात, 8 वेळा आंबवतात आणि 7 वेळा तिचा अर्क काढतात. इतकं सोसणारी चिकट दाण्याची जात त्यांना हवी असते. त्या दाण्याची भाकरी कशी होईल याची तिथे कुणाला फिकीर नाही.

आपल्याला मात्र ती असते, आणि ज्वारीच्या संशोधकांना हे कळायला वेळ लागला. 1964 मध्ये देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-1, आली. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली; पुढे 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित ज्वारीनं कणगी भरली, हे तिचं मोठं श्रेय. पण ‘हायब्रीड’ची भाकरी म्हटलं की जुनी माणसं आजही नाक मुरडतात. त्यात निव्वळ हट्ट नव्हता. जुन्या खरिपाच्या जाती दिवस लहान झाल्यावर निसवायच्या, त्यामुळे दाणा पाऊस सरल्यावर पक्व व्हायचा. लवकर येणारं हायब्रीड ऐन पावसात पिकू लागलं, दाण्यावर बुरशी चढली, तो काळा पडला. रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर वाढते आणि कोरड्या हवेत पिकते, म्हणून तिचा दाणा मोत्यासारखा राहतो.

1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो रेशनवर मिळाली. तीही ज्वारीच. पण तिच्या देशात ती प्रामुख्यानं जनावरांना घालतात, आणि ते धान्य निवडताना भाकरी कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. मिलो आणि दुष्काळी कामांवर खायला मिळणारी सुकडी यांनी माणसं जगवली, हे विसरता येत नाही. तरी ती पिढी मिलोचं नाव आजही जड आवाजात घेते. पोट भरलं आणि जेवण झालं नाही, असे ते दिवस होते.

2024 मध्ये जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण इथल्या काठवटीत पारखलेल्या दाण्याला त्यामुळे कागदोपत्री नाव मिळालं. शहरात तर ‘ग्लुटेन नाही’ म्हणून ज्वारीला आता नव्यानं मागणी आहे. जो गुण भाकरी थापताना अडचण होता, त्याचेच पैसे मिळू लागले आहेत.

तरीही परतूरच्या शिवारात खरिपात सोयाबीन आणि कपाशीच दिसते. याचं कारण चवीत नाही, काढणीत आहे. सोयाबीन मळणीयंत्रातून झटपट निघतं. ज्वारीचं ताट उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, कडबा रचायचा, हे सगळं अजून बहुतेक हातानंच होतं, आणि त्या दिवसांत मजूर मिळत नाहीत. घरी दावणीला गुरं असली तर कडब्यासाठी तरी रब्बीत चार तासं ज्वारीची पेरली जातात. गुरं विकली की तेही थांबतं. ज्वारीचं क्षेत्र वाढवायचं असेल तर ताट न मोडता, कडबा खराब न करता ज्वारी काढणारं आणि लहान शेतकऱ्याला भाड्यानं परवडणारं यंत्र गावोगाव पोहोचायला हवं.