शाळेच्या टाकीवर कंपनीचं नाव का?

गावातल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवर किंवा रुग्णवाहिकेवर कंपनीचं नाव दिसतं. हा खर्च निव्वळ दानधर्म असतो का? नेहमीच नाही. त्यामागे 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 आहे, 1 एप्रिल 2014 पासून लागू.

मागच्या आर्थिक वर्षात 5 कोटींचा निव्वळ नफा, 1000 कोटींची उलाढाल किंवा 500 कोटींचं नक्त मूल्य, यांपैकी एक जरी रेषा गाठली तरी कंपनीला सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. किती? तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के.

सरासरी कशाला? हापूसचं झाड आठवा. एक वर्ष लगडतं, पुढच्या वर्षी हात आखडता घेतं. नफ्याचंही तसंच. समजा, नफा 40, 10 आणि 70 कोटी झाला. सरासरी 40 कोटी, म्हणून खर्च 80 लाख.

बहुराष्ट्रीय कंपनी असेल तर? मुख्यालय परदेशात असलं तरी भारतातल्या व्यवसायाचा नफा मोजला जातो. आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या कारखान्यांनी जयगड, रनपार, लोट्याच्या आसपासच्या गावांचा विचार आधी करायला हवा.

मात्र लोट्यातल्या कारखान्याने स्वतःचं सांडपाणी शुद्ध केलं, तर तो खर्च यात धरता येत नाही. ते त्याचं कायदेशीर कर्तव्यच आहे. टाकी बांधली म्हणून खाडीचं प्रदूषण माफ होत नाही.