ऑकलंडचा काटकसरी संघ

एखाद्या मध्यम स्थितीच्या घरांतील तीन मिळवते पुरुष एकाच हिवाळ्यांत घर सोडून गेले, तर मागें राहिलेल्यांनीं संसार कसा रेटावा? अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांतील ऑकलंड शहराच्या बेसबॉल-संघापुढें २००१ सालच्या अखेरीस नेमका हाच प्रश्न येऊन पडला होता. त्याची हकीकत आमच्या वाचकांस, आणि विशेषतः ज्यांच्या कमरेला घराच्या किल्ल्या आहेत त्या भगिनींस, मनोरंजक वाटेल असें समजून आम्ही ती येथें देत आहों. खेळाची आवड नसलेल्यांनीं पान उलटूं नये अशी विनंति आहे. हा लेख चेंडूचा कमी व जमाखर्चाचा अधिक आहे.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाहीं. मैदानांत चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं मांडलेलीं असतात. फलंदाजानें आपल्या ठाण्यावरून निघून क्रमानें पुढचीं तीन ठाणीं गांठावीं आणि परत मूळ ठाण्यास यावें, म्हणजे एक धाव झाली. चेंडू टाकणारास पिचर म्हणतात. प्रत्येक संघास नऊ डाव मिळतात व तीन गडी बाद झाले कीं डाव संपतो. याचा अर्थ असा कीं, सामन्याच्या आरंभीं संघाच्या गांठीस मोजके सत्तावीस बळी असतात. ते खर्ची पडेपर्यंत काय मिळवाल तें तुमचें. आणखी एक नियम ध्यानांत ठेवावयास हवा. पिचरनें ठराविक चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाज मोहांत न पडतां स्वस्थ उभा राहिला, तर त्यास पहिलें ठाणें फुकट मिळतें. तो दांडू खालीं टाकून रमतगमत तेथें चालत जातो. पुढच्या सगळ्या हकीकतीची किल्ली या चालत जाण्यांत आहे.

२००१ सालीं ऑकलंड ॲथलेटिक्स या संघानें १६२ सामन्यांपैकीं १०२ जिंकले होते. पुढील फेरींत न्यूयॉर्कच्या यँकीज संघाशीं पांच सामन्यांची गांठ पडली. पहिले दोन ऑकलंडनें जिंकले आणि उरलेले तिन्ही गमावले. तें दुःख ताजें असतांच करारांच्या मुदती संपल्या. संघाचा मुख्य फलंदाज जेसन जिआंबी सात वर्षांच्या १२ कोटी डॉलरांच्या करारावर त्याच यँकीजकडे गेला. जॉनी डेमन हा चपळ खेळाडू चार वर्षांच्या ३ कोटी १० लाखांवर बॉस्टनला, आणि सामन्याच्या शेवटीं येऊन विजय राखणारा पिचर जेसन इझ्रिंगहाउझन चार वर्षांच्या २ कोटी ७० लाखांवर सेंट लुईसला गेला. ऑकलंडच्या सर्व खेळाडूंचा मिळून वर्षाचा पगार सुमारें ४ कोटी डॉलर, तर यँकीजचा सुमारें साडेबारा कोटी! आमच्याकडे २००८ सालापासून चाललेल्या आयपीएल क्रिकेटमध्यें प्रत्येक संघास खर्चाची सारखी मर्यादा घालून दिलेली असते. बेसबॉलमध्यें तशी मर्यादा नव्हती. ज्याची थैली जड त्यानें हवा तो माल उचलावा, असा उघडा बाजार होता.

गेलेल्या तिघांस कृतघ्न ठरविण्याचें कारण नाहीं. तेथील रीतच अशी कीं, खेळाडू मोठ्या संघांत दाखल झाल्यापासून सहा वर्षें त्याच्यावर संघाचा हक्क चालतो. त्यांतील पहिलीं तीन वर्षें त्यास किमान पगाराच्या आसपासच मिळतें; २००२ सालीं हा किमान आंकडा २ लाख डॉलर होता. पुढील तीन वर्षें तंटा पडल्यास लवाद पगार ठरवितो. सहा वर्षें भरलीं कीं तो मोकळा. म्हणजे वाढवावें गरीब संघानें, आणि हाताशीं आला कीं न्यावा श्रीमंतानें.

आतां या संघाच्या कारभाऱ्यापुढें कोणते मार्ग होते तें पाहूं. जिआंबीस त्याच भावानें ठेवून घ्यावें, तर एकट्याचाच वार्षिक वांटा सव्वा कोटीच्या वर, पावणेदोन कोटींच्या घरांत गेला असता. चार कोटींच्या संसारांत एका माणसावर दोन पंचमांश खर्च करून बाकीच्या चोवीस जणांस काय द्यावयाचें? त्याच्याच जातीचा पण थोडा कमी प्रतीचा नांवाजलेला गडी आणावा, तर तोही परवडण्यापैकीं नव्हता. आणि नांवाजलेल्या वस्तूंत निम्मी किंमत नांवाचीच असते हें बाजारहाट करणाऱ्या कोणासही सांगावयास नको. जवळचे उमदे तरुण विकून तयार माल आणावा, तर तें बियाणें खाण्यासारखें. तिन्ही मार्ग बंद पाहून कारभाऱ्यानें प्रश्नच बदलला. गेलेला माणूस परत कसा मिळवावा हें सोडून, तो जें काम करीत होता तें कोणाकडून स्वस्तांत करवून घेतां येईल, याचा त्यानें शोध चालविला.

हा कारभारी बिली बीन. त्याची स्वतःची हकीकत बोधप्रद आहे. १९८० सालीं न्यूयॉर्कच्या मेट्स संघानें त्यास पहिल्याच फेरींत निवडलें होतें. उंचापुरा, देखणा, धांवण्यांत व फेकण्यांत तरबेज. खेळाडू हेरीत गांवोगांव हिंडणारे अनुभवी लोक त्याच्या देहयष्टीकडे पाहूनच थक्क होत. हा पुढें मोठ्या संघांत सहा हंगामांत मिळून अवघे १४८ सामने खेळला आणि त्यांतही चमकला नाहीं. शेवटीं १९९० सालीं त्यानें आपण होऊन खेळणें सोडलें व खेळाडू हेरण्याचें काम मागून घेतलें. डोळ्यांना जें भरतें तें मैदानावर उतरतेंच असें नाहीं, हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

येथें आम्हांस आमच्या वर्गाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. खणखणीत आवाजांत श्लोक म्हणणारीं व मोत्यासारखें अक्षर काढणारीं मुलें आम्ही वर्षानुवर्षें पहिल्या बांकावर बसवीत आलों. एक अडखळत बोलणारा मुलगा शेवटच्या बांकावर बसे. त्याचें गणित मात्र कधीं चुकत नसे, आणि तें आमच्या ध्यानांत आलें तेव्हां त्याचें वर्ष संपत आलें होतें. असो.

बीनला युक्ति सुचली ती मात्र पुस्तकांवरून. कॅन्सस प्रांतांत बिल जेम्स नांवाचा एक गृहस्थ डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत रात्रीची राखण करी आणि फावल्या वेळांत बेसबॉलचे आंकडे मांडी. १९७७ सालीं त्यानें आपलें पहिलें चोपडें स्वतःच छापून काढलें. वर्तमानपत्रांत फलंदाजाची सरासरी छापत, तींत फटका मारून ठाणें गांठलेलें तेवढें धरीत. चालत मिळालेल्या ठाण्यास जमेंत स्थान नसे. जेम्सचें म्हणणें, धाव होण्यासाठीं माणूस ठाण्यावर असावा लागतो. तो पळत आला कीं चालत आला, याची धावफलकास पर्वा नाहीं. सत्तावीस बळींची पुंजी जपणारा गडी खरा गुणी. पण बाजार किंमत देत होता ती उंच उडणाऱ्या फटक्यांना. स्वस्थ उभें राहण्याच्या गुणास गिऱ्हाईक नव्हतें, आणि म्हणूनच तो गुण स्वस्त होता.

बीनचा साहाय्यक पॉल डीपोडेस्टा हा हार्व्हर्ड विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकलेला, तिशीच्या आंतला तरुण. त्यानें त्या हिवाळ्यांत घरखर्चाचें अंदाजपत्रक करावें तसें हंगामाचें अंदाजपत्रक केलें. पुढच्या फेरींत जाण्यास सुमारें ९५ विजय लागतील. त्यासाठीं दिलेल्या धावांपेक्षां घेतलेल्या धावा सुमारें १३५ नीं अधिक हव्यात. मग त्यानें गेलेल्यांचा हिशेब मांडला. हजार पाळ्यांमागें जिआंबी ४७७ वेळां ठाण्यावर पोहोंचे. तसा दुसरा मिळणें अशक्य. परंतु ज्याच्यासाठीं बॉस्टननें एवढी थैली मोकळी केली तो डेमन हजारांत ३२४ वेळांच पोहोंचला होता, आणि ओल्मेडो साएन्झ हा तिसरा गडी अवघा २९१ वेळां. तिघांची सरासरी ३६४. एक जिआंबी शोधावयाचा नसून ३६४ च्या आसपासचे तीन साधे गडी शोधावयाचे आहेत, असें ठरतांच डोंगराएवढें काम टेकडीएवढें झालें.

पहिला गडी डेव्हिड जस्टिस. एके काळचा नामांकित फलंदाज, आतां वय ३५. पाय मंदावलेले, म्हणून बाजारांत उतरलेला. परंतु पाय मंदावले तरी नजर व धीर शाबूत राहतात, असा हिशेब करून तो मेट्सकडून घेतला. (साठी उलटलेल्या आम्हांला हा हिशेब मनापासून पटला.) दुसरा जिआंबीचाच धाकटा भाऊ जेरेमी. तो संघांत होताच. धांवण्यांत जड, पण चेंडू पारखण्यांत वाकबगार.

तिसऱ्याची गोष्ट सर्वांत गोड आहे. स्कॉट हॅटेबर्ग हा बॉस्टनचा यष्टिरक्षकासारखें काम करणारा गडी. कोपरांतील मज्जातंतूस इजा होऊन त्याला चेंडू नीट फेकतां येईनासा झाला. ज्याचें कामच फेकण्याचें, त्याला आतां कोण विचारणार? बॉस्टननें त्यास कोलोरॅडोच्या संघास देऊन टाकलें व त्यांनींही लगेच मोकळें केलें. ऑकलंडनें त्याला ९ लाख ५० हजार डॉलरांवर एका वर्षासाठीं घेतलें, आणि सांगितलें कीं, तूं पहिल्या ठाण्यावर उभा राहा. तेथें फेकण्याचें काम थोडें. या जागेवर तो पूर्वीं उभा राहिलेला नव्हता. त्या थंडींत हा गृहस्थ टेनिसच्या मैदानावर जाई, त्याची पत्नी चेंडू टोलवी आणि तो अडविण्याचा सराव करी. पुढें रॉन वॉशिंग्टन या शिक्षकानें त्याची भीति घालवून त्यास तयार केलें. फलंदाजी मात्र कोणी शिकविण्याची गरज नव्हती. वाईट चेंडूच्या वाटेस जाणें त्याच्या स्वभावांतच नव्हतें.

इझ्रिंगहाउझनच्या जागेचा विचार याहून व्यापारी होता. तो स्वतः १९९९ सालीं मेट्सकडून एका वयस्क पिचरच्या मोबदल्यांत आलेला. शेवटच्या डावांत विजय राखणाराचे आंकडे उठून दिसतात व त्याची किंमत भराभर चढते, हें बीननें ओळखलें होतें. तेव्हां असा पिचर महाग विकत घ्यावयाचा नाहीं. चांगला हात स्वस्तांत आणावा, त्यास ती जागा द्यावी व किंमत चढली कीं जाऊं द्यावा. त्यानें टोरांटोकडून बिली कॉक हा वेगवान पिचर आणला. बदल्यांत दिलेला एरिक हिन्स्की पुढील वर्षीं नवोदितांत सर्वोत्तम ठरला, म्हणजे हा सौदा फुकटांत पडला नाहीं. गेलेल्या तिघांची भरपाई म्हणून नियमाप्रमाणें २००२ च्या जूनमधील तरुणांच्या निवडींत ऑकलंडला जादा हक्कही मिळाले. पहिल्या फेरींत व तिच्या पुरवणींत मिळून सात जण त्यांस निवडतां आले.

२००२ चा हंगाम सुरू झाला तो वाईट. मे महिन्यांत जेरेमीला दुसऱ्या संघाकडे धाडून दिलें. नंतर गाडी रुळावर आली, आणि ऑगस्टच्या १३ तारखेपासून संघ हरेचना. सप्टेंबरच्या ४ तारखेस सलग विसाव्या विजयासाठीं कॅन्सस सिटीशीं सामना होता. ऑकलंड ११-० असें पुढें होतें. तें आधिक्य वितळत वितळत ११-११ झालें. शेवटच्या डावांत कोपर गमावलेल्या त्या हॅटेबर्गला बदली फलंदाज म्हणून धाडलें आणि त्यानें चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. अमेरिकन लीगमधील हा सलग विजयांचा विक्रम २०१७ सालीं क्लीव्हलंडनें २२ विजय मिळवून मोडीपर्यंत टिकला. त्या सालीं हॅटेबर्ग हजारांत ३७४ वेळां व जस्टिस ३७६ वेळां ठाण्यावर पोहोंचले. संघानें १०३ सामने जिंकले, आदल्या वर्षापेक्षां एक अधिक.

येथवरची कथा मायकेल लुईस यांच्या २००३ सालच्या 'मनीबॉल' या पुस्तकानें व २०११ सालच्या त्याच नांवाच्या चित्रपटानें जगभर झाली. परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें. २००१ सालीं संघानें ८८४ धावा केल्या होत्या, २००२ सालीं ८०० च. म्हणजे गेलेल्यांची उणीव पुरती भरून निघाली नव्हती. संघ तरला तो पुष्कळसा टिम हडसन, मार्क मल्डर व बॅरी झीटो या तीन तरुण पिचरांवर, आणि मिगेल तेहादा व एरिक चावेझ या घरच्याच मुलांवर. झीटो त्या वर्षीं लीगचा सर्वोत्तम पिचर व तेहादा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे सर्व सहा वर्षांच्या आंतले, म्हणून बाजारभावाच्या मानानें अल्प वेतनावर राबणारे. काटकसरीचें श्रेय कारभाऱ्याचें खरें. तथापि ज्यांच्या अल्प वेतनावर ती उभी होती, त्यांचा उल्लेख चित्रपटांत जवळजवळ नाहीं, ही गोष्ट आम्हांस खटकली. घराची काटकसर वाखाणतांना कमी खाऊन उठणारांचीं नांवें बहुधा गाळलेलींच असतात. शिवाय, एवढें करूनही पुढच्या फेरींत मिनेसोटानें ऑकलंडला ३-२ असें हरविलेंच. १६२ सामन्यांत हिशेब चालतो. पांच सामन्यांत दैवही आपला वांटा मागतें.

युक्तीचा लाभही फार दिवस टिकला नाहीं. २००२ च्या अखेरीस बॉस्टननें खुद्द बिल जेम्सला पदरीं बाळगलें. २००६ सालीं दोन अर्थशास्त्रज्ञांनीं पगार ताडून पाहिले, तेव्हां २००४ पर्यंत ठाण्यावर पोहोंचण्याच्या गुणाचा भाव बाजारांत रास्त झाल्याचें दिसून आलें. तेहादा २००३ च्या हंगामानंतर बाल्टिमोरला गेला. हडसन व मल्डर २००४ च्या डिसेंबरांत बदल्यांत द्यावे लागले. संघानेंही २०२४ नंतर ऑकलंड शहर सोडलें.

बिली कॉकचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. २००२ सालीं त्यानें ४४ सामने राखून दिले, त्याची किंमत चढली, आणि ठरल्याप्रमाणें त्याच डिसेंबरांत बीननें त्याला शिकागोस देऊन कीथ फोक हा अधिक चांगला पिचर आणला. फोकनें एक वर्ष उत्तम काम केलें, तोही महाग झाला, आणि बॉस्टनला गेला. १९१८ पासून जगज्जेतेपदास मुकलेल्या बॉस्टननें तें २००४ सालीं परत मिळविलें, तेव्हां शेवटचा चेंडू टाकणारा पिचर हाच फोक होता.