पाण्याने भरलेल्या खांबातला धागा

बऱ्हाणपूर पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरात आणत असे. आज शहराबाहेर पडले की पाणी दिसते ते केळीच्या रूपात. वीस हजारांहून अधिक हेक्टरांवर बागा आहेत, आणि रावेर ओलांडून आलेल्या माणसाला जळगाव जिल्हा कुठे संपला ते कळतही नाही.

घड उतरवला की केळीच्या खांबाचे काम संपते. केळ एकदाच फळते आणि पुढचे पीक शेजारच्या पिलावर येते. उरलेला खांब तोडायला मजूर लागतात आणि वाहून न्यायला ट्रॅक्टर, म्हणून तो बऱ्याचदा बांधावर पडून राहतो. त्या खांबाचे नव्वद टक्क्यांहून अधिक वजन म्हणजे निव्वळ पाणी. खरे तर ते खोडही नव्हे. ती पानांच्या सोपटांची घट्ट गुंडाळी असते, आणि धागा त्या सोपटांत दडलेला असतो.

तो बाहेर काढणारे यंत्र दिसायला साधे आहे: दोन रूळ, पात्या लावलेला एक फिरता ढोल आणि मोटर. सोपटाचे एक टोक हातात घट्ट धरून कामगार दुसरे टोक आत सोडतो. पात्या गर ओरबाडून खाली पाडतात. मग सोपट मागे ओढायचे, उलटे धरायचे आणि उरलेला भाग पुन्हा आत घालायचा. सगळी गोम ढोल आणि त्याखालची पट्टी यांच्यातल्या फटीत आहे. फट जास्त झाली तर गर चिकटून राहतो, कमी झाली तर धागाच तुटतो. सोपटे बाहेरून आत पातळ होत जातात, त्यामुळे एकदा बसवलेली फट दिवसभर पुरेलच असे नाही. कधी थांबायचे हे मोटर सांगत नाही, ते ओढणाऱ्या हातालाच कळते.

धुऊन वाळवलेला धागा पिवळसर आणि चमकदार निघतो. बऱ्हाणपूर जिल्ह्यात बचत गटांच्या महिला त्यापासून टोप्या, पिशव्या, चटया करतात. केळी हे तिथले ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेतले पीकही आहे.

पण या धाग्याला आणखी एक वाट आहे, ती प्लास्टिकची. प्लास्टिकला बळकटी द्यायला एरवी वापरतात त्या काचतंतूंची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे 2.5 ग्रॅम, तर केळीच्या धाग्याची 1.35 च्या आसपास. तेवढ्याच आकाराचा भाग त्यामुळे हलका होतो. ही नुसती कल्पना नाही. केळीच्याच कुळातल्या अबाकाचे तंतू पॉलिप्रॉपिलिनमध्ये मिसळून मर्सिडीजने 2004 पासून ए-क्लास गाडीच्या जादा चाकाच्या खोबणीचे आवरण केले. रस्त्यावरचे खडे आणि चिखल थेट सोसणारी ती जागा.

अडचण पुन्हा पाण्याचीच. धाग्यातला सेल्युलोज पाणी ओढून घेतो, तर पॉलिप्रॉपिलिन त्याला जवळही येऊ देत नाही. दोघे नुसते एकत्र केले तर ताण पडताच धागा प्लास्टिकमधून सुटून येतो. म्हणून तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुऊन त्यावरचे मेण आणि लिग्निन कमी करतात, किंवा दोन्हींना धरून ठेवणारे मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडचे जोडरसायन घालतात. उष्णतेचेही तसेच. पॉलिप्रॉपिलिन 165 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि 200 अंशांपुढे धागा करपू लागतो. मधल्या अरुंद पट्ट्यात सगळे उरकावे लागते. धागा ओलसर राहिला तर वाफ होऊन पोटात बुडबुडे राहतात.

कारखान्याला रोज एकसारखा माल हवा असतो. बागेतले सोपट मात्र वाण, वय आणि हंगाम यांप्रमाणे बदलते. शिवाय खांबाच्या वजनाच्या मानाने वाळलेला धागा फारच थोडा मिळतो. खांब दूरच्या यंत्राकडे नेणे म्हणजे ट्रॅक्टरभर पाणी वाहणे. त्यातच केळ हे पालाशाचे भुकेले पीक आहे आणि खांबातला पालाश जमिनीत परत जायला हवा. नवसारी कृषी विद्यापीठाने खांबाच्या रसापासून द्रवखत तयार केले आहे, त्यामुळे धागा काढूनही रस शेताच्या कामी येऊ शकतो.

म्हणून फिरते यंत्र बांधावर हवे, लगदा आणि रस तिथल्या तिथे मातीला मिळावा आणि गावात वाळवणीची व प्रतवारीची सोय असावी. एवढे जमेपर्यंत बऱ्हाणपूरचा धागा टोपीतच शोभून दिसेल. गाडीच्या सुट्या भागासाठी तो मागणाऱ्याला महिन्यामागून महिने एकाच प्रतीचा माल देता येणार नाही.