हॉलमध्ये न मावणारी गाडी

डहाणू रोडच्या फलाटावर नातवंडांना गाड्या दाखवायला नेणारे आजोबा डहाणूजवळच्या सरावलीत अजून आहेत. २०१३ साली चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली, पण या मंडळींचा जीव लोकलमध्ये कधीच नव्हता. तो न थांबता धूळ उडवत जाणाऱ्या मेलमध्ये. घरी आलं की त्यातलीच एखादी गाडी पुठ्ठ्यातून उभी राहते.

छोट्या रेल्वेचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे: १८९१ मध्ये जर्मनीच्या मेर्कलिनने रुळांची मापं ठरवून टाकली, १९२० मध्ये इंग्लंडात हॉर्नबीच्या गाड्या आल्या, मग एकास सत्याऐंशीचं ‘एचओ’ माप जगभर रुळलं. पुढची दशकं कॅटलॉगची. ती सोडून द्यावीत.

आपल्याकडे हे वेड घराण्यात कसं मुरतं, ते पाहायला पुण्यात कोथरूडला जावं. भाऊ जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुलं झालं आणि पुढे त्यांचे चिरंजीव रवी जोशी यांनी ते सांभाळलं. एका खोलीत अख्खं शहर आहे: सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव. दिवे मंदावतात, शहरात रात्र होते आणि डब्यांच्या खिडक्या उजळतात. शाळेच्या सहलीतली मुलं तेवढ्यापुरती गप्प होतात.

पण प्रस्तुत लेखकाचा पक्ष पहिल्यापासून पुठ्ठ्याचा. चिकूच्या खोक्याचा पुठ्ठा नालीदार, तो डोंगर-बोगद्यांना. डब्याला मात्र लग्नपत्रिकेचा जाड कागदच हवा. खिडक्यांना धुऊन स्वच्छ केलेली एक्स-रे फिल्म. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा डबा सुमारे २१.३ मीटर लांब. ८७ ने भागला की साडेचोवीस सेंटिमीटर. चोवीस डबे जोडले तर इंजिनाआधीच जवळपास सहा मीटर झाले. एवढी गाडी कुठल्या मराठी घराच्या हॉलमध्ये मावते? म्हणून सहा डब्यांतच मेल मानायची. आणि चर्चगेट ते डहाणू रोड हे सुमारे १२४ किलोमीटर याच मापात घातले, तर रूळ सव्वा किलोमीटरच्याही पुढे जातात.

इथे काही शुद्धतावादी टपकतात. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे एचओत १९.३; बाजारात मिळणारा रूळ साडेसोळाचा. तेव्हा तुमची गाडी खोटी, असं त्यांचं म्हणणं. गणित बरोबर आहे. पण याच हिशेबापायी त्यांच्यातल्या कित्येकांनी वीस वर्षांत एकही गाडी धावती केली नाही! गंमत अशी, की डहाणू-तलासरीतून जाणारी बुलेट ट्रेन १४३५ मिलिमीटरच्या रुळांवर धावणार. साडेसोळाच्या रुळावर ती तंतोतंत बसेल. (तिच्यापायी गेलेल्या जमिनींचं दुःख वेगळं, ते असं ८७ ने भागता येत नाही.)

आयातीवर निर्बंध होते, त्या काळात परदेशातून येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेवर सगळ्यांचा डोळा असे. एक इंजिन आलं की वडील ते आधी खोलत, मग मुलाच्या हाती देत. चाकांवरची काजळी स्पिरिटच्या फडक्याने पुसायची, सुटलेल्या तारेला डाख लावायचा, हे धडे तिथेच मिळत. सरावलीपासून समुद्र लांब नाही. दमट हवेत पितळी रूळ बघता बघता काळवंडतात आणि गाडी जागच्या जागी थरथरते. म्हणून निकेल सिल्व्हरचे रूळ घ्यावेत. त्यांच्या नावात चांदी आहे. आत तांबं, निकेल आणि जस्त.

प्रस्तुत लेखकाने एकदा मोठ्या हौसेने रुळाला वळसा देऊन तो स्वतःलाच आणून जोडला. दोन रुळांतून बारा व्होल्ट, एक धन, एक ऋण. वळसा पुरा होताच धनाला ऋण भिडलं आणि ट्रान्सफॉर्मरमधून जळका वास आला. वडील रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही रुळांत करवतीने फटी पाडल्या, वळशाला वेगळा स्विच दिला आणि तो दाबायचं काम मुलाकडे सोपवलं.

आता इंजिनाचं खोकं येतं, ते न उघडताच काचेच्या कपाटात जातं. उघडलं तर पुढे विकताना किंमत उतरते म्हणे! संग्राहकांच्या गप्पांत इंजिन कसं ओढतं हे कमी, कितीला पडलं हेच जास्त. डाख लावायला बसलेला तरुण दिसणं दुर्मीळ झालंय, आणि लग्नपत्रिकाही आता मोबाईलवरच येतात.

१९७९ पासून डहाणूच्या मार्गावर धावलेले मुंबई-सूरत फ्लाइंग राणी गाडीचे दुमजली डबे जुलै २०२३ मध्ये गेले. त्यानंतरच्या दिवाळीत घरच्या टेबलावर त्यातला एक डबा कापायला घेतला. नातवाने खालच्या मजल्याच्या खिडक्या नेहमीच्या उंचीवर आखल्या. त्यात त्याची चूक नाही, तो त्या डब्यात कधी बसलेलाच नाही. खाली बसलं की बाहेर माणसांचे चेहरे दिसत नसत, फलाटावरच्या चपला दिसत, हे त्याला सांगावं लागलं. त्याने रेघा खोडल्या आणि पट्टी खाली सरकवली.