पाखरू कोण, अंगण कोणाचे?

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या बालपणीची शाळा कल्याणची, १८६९ ते १८७३ या काळातली, हे ठाऊक असलेले कल्याणकर थोडेच भेटतील. परंतु उडून जाणाऱ्या पाखराला त्याच्या परतीविषयी व्याकूळपणे विचारणारी त्यांची कविता मात्र अनेकांच्या ओठी आहे, आणि ज्याचा संसार मोडला आहे असा वाचक तिच्यात आपलेच दुःख वाचतो, यात नवल नाही. पाखरू म्हणजे सोडून गेलेले माणूस आणि अंगण म्हणजे ओसाड पडलेले घर, असा अन्वय सहज लागतो. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. अपुरा मात्र खचित आहे.

कारण टिळकांच्या संसारात उडून गेले ते स्वतः टिळकच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि बालवयात त्यांच्या घरी आलेल्या पत्नी लक्ष्मीबाई, पंढरपुरासारख्या सनातनी क्षेत्री आप्तांच्या आश्रयाने, नवरा असून नसल्यासारखे दिवस कंठू लागल्या. ब्राह्मण कुटुंबांत काडीमोडीची वहिवाट नव्हती. तथापि सरकारने १८६६ साली केलेल्या एकविसाव्या कायद्यात अशी तजवीज होती, की धर्मांतरापायी जोडीदार सहा महिने दूर राहिल्यास ख्रिस्ती झालेल्या पक्षाने दावा लावावा, न्यायाधीशाने विचारपूस करून एक वर्षाची मुदत द्यावी, आणि तरीही नकार कायम राहिल्यास विवाह रद्द ठरवावा. टिळक-दांपत्याची फारकत झाली नाही. सुमारे साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे आल्या. आल्या तरी सोवळे सुटले नव्हते, चूलपाणी वेगळेच राहिले, आणि १९०० साली, मनाची खात्री पटल्यावर, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता कवितेकडे पाहावे. तिच्यात बोलतो तो मागे राहिलेला. पाखराला वाचा नाही. भावकवितेचा हा धर्मच आहे, की ती एकाच पक्षाची कैफियत नोंदविते, आणि तेवढ्यावरून दोष कोणाचा हे ठरवू पाहणारा वाचक एकतर्फी हुकूमनामा करणाऱ्या मुन्सफासारखा वागतो. (कवितेला चरित्राचा दस्तऐवज समजण्याची खोड आपल्या समीक्षकांनाही आहेच.) परंतु मला मोलाचे वाटते ते हे, की तो कायदा दूर राहिलेल्यास हजर राहण्यास फर्मावीत असे, तर कविता त्याला केवळ विचारते, आणि विचारणे म्हणजे नकार देण्याचा समोरच्याचा अधिकार मान्य करणे होय. मोडलेल्या संसाराविषयीच्या कवितेत हा सूर आहे की नाही, हे वाचकाने प्रथम तपासावे.

खऱ्या अर्थाने मागे राहिलेल्या व्यक्तीची जबानी आपल्याला १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मिळते, आणि तीत आर्जवापेक्षा मिस्कीलपणा अधिक आहे, भटक्या नवऱ्यावरचा राग आणि त्याच्याविषयीची माया लक्ष्मीबाई एकाच वाक्यात सांगून जातात. टिळकांची कविता ज्यांना पाठ आहे, त्यांनी हे पुस्तक वाचल्यावाचून तिचा अर्थ कायम करू नये.