पंख धुणारा माणूस कोणाचा?
धावपट्टीच्या अलीकडे : लेखांक ७

हिवाळ्यात टोरांटोहून किंवा न्यूयॉर्कहून निघालेल्यांनी खिडकीतून हे पाहिलेलं असतं. विमानाशेजारी ट्रक येऊन थांबतो, त्याच्या उंच पाळण्यातला माणूस पंखांवर गरम नारिंगी द्रव फवारतो आणि गरज असेल तर त्यावर हिरवा. नारिंगी द्रव साचलेलं बर्फ वितळवतो. हिरवा दाट असतो. तो पंखाला धरून राहतो, काही काळ नवं बर्फ बसू देत नाही आणि विमानाने वेग घेतला की ओघळून जातो. हे सोपस्कार नव्हेत. सँडपेपरइतका खरखरीत थर पंखावर राहिला, तरी विमानाला उचलणारा जोर तीस टक्क्यांपर्यंत घटू शकतो.

फवारणारा तो माणूस बरेचदा तुमच्या विमान कंपनीचा नसतो, कंत्राटदाराचा असतो. मग त्याच्यावर नजर कोणाची?

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनला बर्फ पडत होतं. एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ वरचं बर्फ काढण्याचं काम करारानुसार अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांकडे होतं. एकाने डावी बाजू ग्लायकोल-पाण्याच्या मिश्रणाने धुतली. मग माणूस बदलला. दुसऱ्याने उजवी बाजू आधी गरम पाण्याने धुतली आणि वरून वेगळ्या प्रमाणाचं मिश्रण मारलं. एकाच विमानाच्या दोन बाजूंना दोन तऱ्हा! पुढे तपासात कळलं, की ट्रकचं मूळ नोझल बदलून साधं बाजारातलं बसवलं होतं. मिश्रणात ३० टक्के ग्लायकोल हवं असताना त्यातून १८ टक्केच येत होतं. फवारणाऱ्याला हे कळायला काही मार्गच नव्हता.

त्यानंतर विमान पाऊण तासाहून जास्त वेळ बर्फात थांबलं, उडालं आणि पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून पाण्यात कोसळलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे चौघे गेले. तपासात मुख्य ठपका वैमानिकांवर आला : इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा त्यांनी सुरू केली नव्हती आणि पंखांवर बर्फ दिसत असताना उड्डाण केलं. तो योग्यच होता. तरीही मला त्या नोझलपाशी थांबावंसं वाटतं. इथला कंत्राटदार स्वतः एक मोठी विमान कंपनी होता. आज हे काम करणाऱ्या कित्येक कंपन्या एकही विमान चालवत नाहीत.

मार्च १९९२ मध्ये लागार्डिया विमानतळावर फोकर विमान पंखांवरच्या बर्फामुळे पडलं, २७ जण दगावले. त्याच वर्षी अमेरिकेने नियम कडक केले : प्रत्येक विमान कंपनीकडे बर्फ काढण्याचा मंजूर कार्यक्रम हवा, फवारणीनंतर किती मिनिटं भरवसा धरायचा याचे तक्ते हवेत आणि कंत्राटी माणसांनाही प्रशिक्षण हवं. म्हणजे सरकार विमान कंपनीला धरणार आणि कंपनी कंत्राटदाराला. युरोपात तर एकाच कंत्राटदाराकडे अनेक कंपन्यांचे तपासनीस जात राहिले, तेव्हा कंपन्यांनी तपासणी वाटून घेतली. एकाने तपासायचं, अहवाल सगळ्यांनी वापरायचा.

ही सोय चांगली आहे, पण तपासणारा इथे गिऱ्हाईकही असतो. वादळाच्या रात्री विमानतळावर एकच कंत्राटदार असेल, तर गिऱ्हाईक त्याला कितपत दटावेल? परवाना थांबवण्याची ताकद सरकारकडेच हवी, असं माझं ठाम मत आहे.

युरोपीय संघाने २०२५ मध्ये त्या दिशेने पाऊल टाकलं. जमिनीवरच्या सेवा देणाऱ्या कंपन्या नव्या नियमांमुळे प्रथमच थेट सुरक्षा नियामकांच्या देखरेखीखाली येतील. अंमल २०२८ पासून. मात्र कंपनीला आधी प्रमाणपत्र मिळवावं लागणार नाही. आम्ही नियम पाळतो, असं घोषणापत्र दिलं की काम सुरू; तपासणी नंतर. सामान वाहणाऱ्यांसाठी हे चालेल. बर्फ काढणाऱ्यांच्या बाबतीत मात्र पहिला हिवाळा सुरू होण्याआधीच तपासनिसाने ट्रकपाशी जाऊन नोझलमधून निघणारं मिश्रण मोजायला हवं.

(पुढील लेखांकात : विमानात इंधन भरणाऱ्या कंपन्या)