मैदानाच्या दारातले कापड

मुस्लिम खेळाडू मुलींच्या अडचणींचा विषय निघाला की बोट आधी धर्माकडे जाते, आणि ते अगदीच निराधार नाही. अल्जीरियाची हसीबा बुलमेर्का १९९१ मध्ये टोकियोत १५०० मीटरची जगज्जेती झाली, तेव्हा उघड्या पायांनी धावली म्हणून कट्टरपंथीयांनी तिच्यावर आगपाखड केली. धमक्यांमुळे तिला देशाबाहेर सराव करावा लागला. पुढच्याच वर्षी बार्सिलोनात तिने अल्जीरियाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. पण एवढेच सांगून थांबलो तर गोष्ट अर्धीच राहते. जून २०११ मध्ये जॉर्डनच्या अम्मानमध्ये इराणच्या मुली ऑलिंपिक पात्रता सामन्यासाठी मैदानावर आल्या. डोके आणि मान झाकणारा त्यांचा पोशाख फुटबॉलच्या नियमात बसत नव्हता, म्हणून त्यांना खेळू दिले नाही. मुली मैदानातच रडल्या. देशाचा कायदा म्हणे, झाकल्याशिवाय बाहेर पडू नका. खेळाचा नियम म्हणे, झाकून आत येऊ नका. इकडे आड, तिकडे विहीर. दोन्ही नियम करताना त्या मुलींना कुणी विचारले नव्हते आणि माझ्या मते त्यांची खरी अडचण तिथे आहे.

बंदीच्या बाजूने पहिला मुद्दा सुरक्षेचा होता: मानेभोवतीचे कापड ओढले गेले तर इजा होईल. मुद्दा तपासण्याजोगा होता आणि तो तपासला गेला. २०१२ पासून प्रायोगिक परवानगी मिळाली, आणि मार्च २०१४ मध्ये बंदी कायमची उठली. २०१६ मध्ये त्याच जॉर्डनमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला आणि यजमान संघातल्या काही मुली डोके झाकून खेळल्या. बास्केटबॉलला हेच करायला २०१७ उजाडले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो मी झटकणार नाही. हिजाब ही निवड आहे असे म्हणता, पण घरचा नि समाजाचा दबाव असेल तर ती निवड कसली? दबाव असतोच, इराणमध्ये तर तो कायदाच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सोलच्या क्लाइंबिंग स्पर्धेत इराणची एल्नाझ रेकाबी उघड्या डोक्याने भिंत चढली, तेव्हा तिच्या सुरक्षिततेची चिंता जगभर व्यक्त झाली. पण दबावाखालच्या मुलीला मैदानाबाहेर ठेवून दबाव कमी होतो का? संघ, प्रवास, स्वतःच्या शरीरावरचा विश्वास या गोष्टी तिला जिथे मिळाल्या असत्या, तेच दार आपण लावतो. बंदीचा दंड दबाव टाकणाऱ्याला बसत नाही, तिलाच बसतो.

फ्रान्सने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शासकीय तटस्थतेच्या नावाखाली आपल्या खेळाडूंना हिजाबची मनाई केली. धावपटू सुंकांबा सिलाला उद्घाटनाला टोपी घालावी लागली. इतर देशांच्या खेळाडूंना ही मनाई नव्हती. इथिओपियात जन्मलेली, नेदरलँड्सची सिफान हसन त्याच शहरात मॅरेथॉन उघड्या डोक्याने धावली, जिंकली, आणि समारोपाच्या सोहळ्यात सुवर्णपदक घ्यायला हिजाब घालून आली.